तपासणी आधी कुणाची?

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की बाईची फरफट सुरू होते. आधी उपासतापास, मग भगताचा अंगारा, मग वणीचा दवाखाना, तिथून यवतमाळ, हाती पैसा असला तर नागपूर. सोनोग्राफी होते, रक्त तपासतात, कुणी पिशवी साफ करायला सांगतं, कुणी नळ्यांचा फोटो काढायला. हे सगळं बाईच्या अंगावर. नवरा बाहेर झाडाखाली थांबलेला असतो, नाहीतर आलेलाच नसतो. तो किती पितो, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. सासू विचारत नाही, बाई सांगत नाही, आणि डॉक्टरांना पुढचा पेशंट असतो.

मुकुटबन हे झरी-जामणी तालुक्यातलं मोठं गाव. भोवती कापसाची शेती, कोलामांचे पोड, मार्की-मांगलीच्या कोळशाच्या खाणी आणि २०२२ पासून सिमेंटचा कारखाना. दारू या भागाला नवी नाही. मोहाची दारू सणात, पूजेत पूर्वापार आहे आणि त्यावरून आदिवासींना नावं ठेवणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. देवाला चढवलेली मोहाची वेगळी आणि मजुरी हाती पडताच दुकानात रोज रिचवलेली देशी वेगळी. आमचं बोलणं आहे ते या दुसरीबद्दल.

रोजच्या भरपूर पिण्याने पुरुषाच्या शरीरात काय होतं, ते साध्या शब्दांत सांगायला हवं. वृषणात पुरुषी संप्रेरक तयार होतं, ते कमी होतं. यकृत खराब झालं की शरीरातल्या स्त्री-संप्रेरकाचा तोल बिघडतो. वृषण आक्रसतात. शुक्रजंतूंची संख्या घटते, त्यांची हालचाल मंदावते, आकार बिघडतो. शिवाय संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही. ही गोष्ट नवरा कुणाला सांगत नाही, त्याचा राग मात्र बायकोवर काढतो. वर खर्रा असतोच, आणि तंबाखूही शुक्रजंतूंना मारकच.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही अडचण असते. अडचण दारूचीच असते असं मुळीच नाही. वयात आल्यावर झालेले गालगुंड, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, जन्मजात दोष अशी कारणं अनेक, आणि काही वेळा कारण सापडतच नाही. म्हणून पिणाऱ्या प्रत्येकाला ‘तूच दोषी’ म्हणून आम्ही नवा शिक्का मारणार नाही. एका शिक्क्याने बायकांचं जे केलं ते पुरेसं आहे. पण कारण शोधायचं तर दोघांत शोधा. वीर्याची तपासणी ही साऱ्यांत सोपी आणि स्वस्त तपासणी. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, बस. ना सुई, ना भूल. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाखांहून कमी शुक्रजंतू असले तर संख्या कमी समजतात. एका नमुन्यावर निकाल लावत नाहीत, पुन्हा तपासतात. बाईच्या नळ्यांत औषध सोडून दुखणारा फोटो काढण्याआधी हे व्हायला नको का?

यात आशेचीही एक गोष्ट आहे. नवा शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे अडीच-तीन महिने लागतात. दारू सोडली तर पुष्कळ जणांत तेवढ्या काळात सुधारणा दिसू लागते. मात्र वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम स्वतःच्या मनाने सोडू नये. हातपाय थरथरतात, झटके येतात, जीवावरही बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी.

बायकाही पितात, पोडावर पितात आणि शहरातही. मूल हवं असेल तर बाईनेही त्या काळात घेऊ नये. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत गर्भ काही आठवड्यांचा झालेला असतो, आणि दारू वारेतून थेट त्याच्यापर्यंत पोचते. दारूमुळे बाळात येणाऱ्या दोषांचं नेमकं वर्णन डॉक्टरांनी १९७३ मध्ये केलं. गरोदरपणात चालेल असं ‘थोडंसं’ प्रमाण कुणालाही ठरवता आलेलं नाही.

१९९२ साली आंध्रात नेल्लोरकडच्या दुबगुंट्याच्या बायका दारूविरुद्ध उठल्या. वर्धा नदीपलीकडे चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. या लढ्यांच्या भाषणांत मार असे, बुडालेली मजुरी असे, मुलांची उपासमार असे. न झालेल्या मुलाचा विषय मात्र चार भिंतींआड राहिला, कारण तो काढायचा म्हणजे नवऱ्याच्या मर्दानगीवर बोट ठेवायचं. त्यापेक्षा बायकोला वांझ म्हणणं सोपं, आणि दुसरी करून आणणं त्याहून सोपं. दुसरीलाही मूल झालं नाही की मग गाव कुजबुजतं.

मैत्रिणींनो, कायद्याने या टोमण्यांना नाव दिलेलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या तिसऱ्या कलमात मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून केलेला अपमान आणि टिंगल ही हिंसा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. अंगावर वळ असायलाच हवा असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि त्यासाठी नवऱ्याचं घर सोडावं लागत नाही.

मुकुटबनहून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. एका बाईचे असे किती दिवस मोडले, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पुढच्या खेपेला आशाताईंनी, नर्सबाईंनी आणि आपण साऱ्यांनी एवढं तरी म्हणावं: नवरा सोबत आला पाहिजे, आणि पहिला नमुना त्याचा.