हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला ते पटत नाही. मोल असतेच, ते कोणाच्या खात्यावर पडते, एवढाच प्रश्न.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानेही कायदा वैध ठरवला. २०१४च्या बंदीपासून चाललेल्या वादात बैलाच्या छळाची चर्चा पुष्कळ झाली, ती व्हायलाच हवी होती. गाडामालकाच्या खिशाची मात्र फारशी कोणी केली नाही.

नावाजलेल्या खिल्लार बैलाची किंमत लाखांत जाते. वर खुराक, सांभाळणारा गडी, न्यायला-आणायला पिकअप आणि खेड-जुन्नरकडे बैलजोडीपुढे धावणारी घोडी. दोन-चार एकरांत हे बसते कसे? चाकणच्या परिसरात ज्यांच्या जमिनी कारखान्यांकडे गेल्या, त्यांचा प्रश्न सुटला. इतर ठिकाणी एक बैल याचा, दुसरा पाहुण्याचा, डिझेल भावकीतल्या पोरांचे, अशी जुनी सोय चालते. मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण हरले तरी कोणी एकटा बुडत नाही.

उरलेले कर्ज काढतात. कर्जाच्या अर्जात ‘शर्यत’ असा हेतू नसतो. पिकअप ‘शेतमाल वाहतुकी’साठी येते, आरसी बुकात बँकेच्या नजरगहाणाची नोंद होते, सहा दिवस टोमॅटो आणि सातव्या दिवशी बैल. यात मला काही गैर वाटत नाही. पण शर्यतीच्या बैलावर बँक सहसा पैसे देत नाही. पाय मुरगळला की तारण संपले! मग सोने येते.

खेड तालुक्यातल्या एका शाखेत होतो तेव्हा, बंदीपूर्वीच्या काळात, चैत्रातल्या यात्रांआधी हे हमखास दिसे. सराफ पाटल्या घासून वजन करी, पीककर्जाचा कागद होई आणि ‘दागिने माझ्या मालकीचे आहेत’ या ओळीखाली गाडामालक सही करी. पाटल्या जिच्या, ती बाकावर बसलेली असे.

अलीकडे बक्षिसाला थार, ट्रॅक्टर, जेसीबी लागतात, म्हणून हा धंदाच झाला असे म्हणतात. जिंकलेल्या बैलाला तिप्पट भावाने गिऱ्हाईक येते, हे खरे. पण घाटात गाडे शेकडो आणि थार एक. त्या सोडवलेल्या आणि न सोडवलेल्या पाटल्यांचा हिशेब कोणत्याही यात्रा कमिटीच्या वहीत नसतो.