निंबाचा फुलोरा

चैत्रांत अंगणांतील कडुनिंब फुलला, कीं सकाळीं झाडाखालीं पांढरा सडा पडतो. आपण तो केराबरोबर झाडून टाकतों. तामिळनाडूंतील जुन्या घरांतून मात्र झाडाखालीं स्वच्छ वस्त्र पसरून तींच फुलें वेंचतात. देंठ काढून, उन्हांत कडकडीत वाळवून बरणींत भरलीं, म्हणजे वर्षाची बेगमी होते.

एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या तामिळ वर्षारंभीं हीं फुलें तुपांत परतून कैरी व गूळ यांच्या पचडींत घालतात. तेलुगु घरीं उगादीस, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच दिवशीं, चिंच, गूळ, कैरी, मीठ व तिखट यांच्या जोडीस तीं असतात. सहाही रस आरंभींच स्वीकारावे, हा त्यांतील भाव. एरवींही चिंचेचें सार वाढण्यापूर्वीं तुपांत तपकिरी केलेलीं चिमूटभर फुलें वर सोडतात.

तिकडे केळफुलाचे वडे होतात. हादग्याचा पाला द्वादशीच्या पारण्यास लागतो. आमच्या मुली हस्त नक्षत्रांत हादग्याचीं गाणीं म्हणतात. परंतु हादग्याच्या फुलांचीं भजीं त्यांतील कितीजणींनीं चाखलीं असतील?

पाडव्याच्या वाटणांतही पूर्वीं पानांबरोबर निंबाचीं फुलें, मिरीं, हिंग, ओंवा व गूळ घालीत. आतां एखादें पान जिभेस लावलें कीं विधि उरकला! आमच्या आजी वाळलीं फुलें ज्या डब्यांत ठेवीत, त्यांत आज बटणें आहेत. त्या असतांना आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. पुढें एका तामिळ शेजारणीनें तें सार शिकविलें, तेव्हां आपलें काय हरवलें तें उमजलें.

हें ज्ञान केवळ वाचून घेऊं नये. कडुनिंबासारख्याच दिसणाऱ्या बकाणाचा फुलोरा जांभळट असतो व तें झाड विषारी आहे. कण्हेरीचें फूलही तसेंच घातक. ही पारख बोट धरून झाडाखालीं नेणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच होते.

म्हणून वाचकभगिनींस एवढीच विनंति, कीं घरांत आजी किंवा आजेसासूबाई असतील, तर यंदा फुलोरा झाडण्यापूर्वीं त्यांना अंगणांत न्यावें, विचारावें, आणि लेकीसुनांनाही जवळ बोलवावें. झाड पुढल्या चैत्रांत पुन्हां फुलेल. सांगणारें माणूस असेलच असें नाहीं.