रिकामा पिंजरा तटस्थ नसतो

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवर वाचत असाल. वाचून झाला की फोन टेबलावर ठेवा आणि त्याने व्यापलेली जागा बघा. आजकालच्या फोनची ती जागा साधारण १२० चौरस सेंटिमीटर भरते. प्रयोगशाळेतले प्राणी कसे ठेवावेत यासाठी अनेक देशांत ज्या अमेरिकी पुस्तकाचा आधार घेतात, त्याची २०११ची आवृत्ती गटात राहणाऱ्या, २५ ग्रॅमहून जड उंदराला किमान ९६.७ चौरस सेंटिमीटर जागा द्यायला सांगते. म्हणजे फोनहून कमी. पाच उंदीर एकत्र असले तर पाचपट जागा, हे खरं. पण खाणं, झोपणं, हगणं-मुतणं आणि मरेपर्यंतचं सगळं आयुष्य तेवढ्यातच.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझा रूममेट फार्मसीला होता. एकदा त्याने मला त्यांच्या कॉलेजचं अ‍ॅनिमल हाऊस दाखवलं. प्लॅस्टिकचे पिंजरे, खाली भुसा, वर जाळी, पाण्याची बाटली. बस. एक पांढरा उंदीर कोपऱ्यातून उडी मारून जाळी पकडायचा, गज चावायचा, खाली पडायचा, पुन्हा उडी. न थांबता. मी व्हिडिओ काढला, मागे जिमचं गाणं लावलं आणि स्टोरीला टाकला. लोक खूप हसले. मीही हसलो.

नंतर कधीतरी कळलं की या प्रकाराला स्टिरिओटाइपी म्हणतात. तीच ती हालचाल, पुन्हा पुन्हा, कशासाठीच नाही. हान्नो वुर्बेल या संशोधकाने १९९०च्या दशकात अशा उंदरांचा बारकाईने अभ्यास केला. गज चावण्याची सवय बाहेर पडण्याच्या प्रयत्नांतून सुरू होते, असं त्याला दिसलं. म्हणजे माझ्या व्हिडिओतला उंदीर व्यायाम करत नव्हता. तो दार शोधत होता.

आधीच सांगतो, उंदरांवरचे प्रयोग उद्यापासून बंद करा असं मी म्हणत नाहीये. माझ्या घरात रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या कुठल्या वाटेने आल्या, हे मला माहीत आहे. माझं भांडण एकाच वाक्याशी आहे. कोणत्याही लॅबमध्ये विचारा, "पिंजऱ्यात काहीच का नाही?" उत्तर येतं, "कंट्रोल्ड कंडिशन्स हव्यात ना." जणू रिकामा पिंजरा म्हणजे शून्य, आणि त्यात मूठभर कागद टाकला की प्रयोग बिघडला.

रिकामा पिंजरा शून्य नाही. तीही एक अवस्था आहे, आणि ती आजारी करणारी आहे.

तापमानच घ्या. बहुतेक लॅब २० ते २४ अंशांवर ठेवतात, कारण कोट घालून काम करणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराच्या शरीराला मात्र सुमारे ३० अंश लागतात. त्याखाली तो नुसतं ऊब टिकवण्यासाठी ऊर्जा जाळत बसतो. २०१३मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क कॅन्सर केंद्रातल्या संशोधकांनी कॅन्सरच्या गाठी असलेले उंदीर उबदार जागेत ठेवले, तर गाठी हळू वाढल्या. आता थंडीत कुडकुडणाऱ्या उंदरावर कॅन्सरचं औषध तपासलं, तर नेमकं काय तपासलं?

किंवा हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार घ्या. जनुकात दोष असला की आजार येणारच, असं मानलं जायचं. २००० साली 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात तोच दोष असलेल्या उंदरांना लहानपणापासून खेळायला, कुरतडायला, लपायला वस्तू दिल्या, तर लक्षणं उशिरा आली. जनुक तेच, पिंजरा वेगळा. २०२२मध्ये कॅनडातल्या जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या पिंजऱ्यांत ताण, कॅन्सर, हृदयविकार, स्ट्रोक जास्त तीव्र होतात आणि आयुष्य सुमारे ९ टक्क्यांनी घटतं, असं त्यांना आढळलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. टेस्ट सर्व्हरच खराब असेल, तर त्यावर पास झालेल्या टेस्टवर आम्ही कोड लाइव्ह करत नाही. केलाच, तर रात्री तीनला फोन येतो. इथे तो फोन पेशंटला येतो.

यावर नेहमीचं उत्तर असं, की प्रत्येक लॅबने वेगवेगळ्या वस्तू टाकल्या तर निकाल जुळणार नाहीत. ते आत्ता तरी कुठे जुळतात? १९९९मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन इथल्या तीन लॅबनी एकाच वंशाचे उंदीर, एकच उपकरणं आणि एकच वेळापत्रक ठेवून पाहिलं. तरीही काही चाचण्यांचे निकाल वेगवेगळे आले. आणि २००४मध्ये वुर्बेलच्याच गटाने दाखवलं की समृद्ध पिंजऱ्यांमुळे निकालांतला विस्कळीतपणा वाढत नाही. वीस वर्षं झाली, सबब तीच.

दुसरं उत्तर पैशाचं. घरटं करायला मऊ कागद, लपायला पुठ्ठ्याची नळी, कुरतडायला लाकडाचा तुकडा. लाखोंचं मशीन घेणाऱ्या संस्थेने कागदावर काटकसर सांगू नये. शेपटीला धरून उचलण्याऐवजी नळीतून किंवा ओंजळीत उचललं तर उंदीर कमी घाबरतात, हे २०१०मध्ये दाखवलं गेलंय. ओंजळीला किती खर्च येतो? अडचणी आहेत, नाही असं नाही. घरट्यात लपलेला आजारी उंदीर पटकन दिसत नाही, साफसफाईला वेळ लागतो, काही वस्तूंवरून नरांमध्ये मारामाऱ्या होतात. मग काय चालतं ते तपासा. तपासणं हेच तर तुमचं काम आहे.

तिसरं उत्तर मला माझ्याच घरातून मिळालं. "मुंबईत माणसं दहा बाय दहात राहतात, तू उंदरांचं काय घेऊन बसलास?" दहा बाय दहातला माणूस खाली उतरतो, नाक्यावर चहा पितो, लोकलला लटकतो, भांडतो, गणपतीत नाचतो. आणि ती खोली त्याला पुरेशी आहे असं आपण म्हणतो का? मोठ्या जातीच्या उंदरांचं, म्हणजे रॅटचं, बघा. पिंजऱ्याची शिफारस केलेली किमान उंची १७.८ सेंटिमीटर, प्रौढ रॅट मागच्या पायांवर उभा राहिला तर याहून उंच भरतो. २०१६च्या एका कॅनेडियन अभ्यासात अशा बुटक्या पिंजऱ्यांतले रॅट वारंवार आडवं अंग ताणताना दिसले. उभं राहून ताणायला जागाच नव्हती.

इथवर मी सगळा वाद डेटाचा घातला, कारण डेटा म्हटलं की लोक ऐकतात. पण समजा, उद्या सिद्ध झालं की दुःखी उंदराकडून चांगला डेटा मिळतो. मग? मग आपण त्याला दुःखी ठेवायचं? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते कोणत्याही आलेखातून आलेलं नाही. ज्याचा जीव आपण आपल्या औषधासाठी घेणार आहोत, त्याचं जगणं तरी आपण नासवू नये. एवढं देणं लागतोच.

कायद्यावर विसंबून राहता येणार नाही. अमेरिकेने २००२मध्ये संशोधनासाठी वाढवलेले उंदीर आणि रॅट प्राणिकल्याण कायद्यातून चक्क वगळले. आपल्याकडे १९६०चा कायदा आणि १९९८चे नियम त्यांना लागू आहेत, पण छोट्या प्राण्यांवरच्या प्रयोगाला मंजुरी संस्थेचीच समिती देते. त्या समितीत किंवा त्या लॅबमध्ये तुमच्यातलं कोणी उद्या असेल. फार्मसी, बायोटेक, व्हेटर्नरी, एमबीबीएस करणारे तुम्हीच. पहिल्या दिवशी एवढंच विचारा: "यांना घरटं करायला काय देतो आपण?" आणि "उंदरांवर प्रयोग यशस्वी" ही बातमी फॉरवर्ड करण्याआधी बाकीच्यांनी विचारावं: कुठल्या पिंजऱ्यातल्या उंदरांवर?

तो व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही. फक्त त्याचं गाणं काढून टाकलंय. आता त्यात नुसता जाळीचा आवाज येतो.