शिखर आहे, पठार कोठे?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन शिवाजी पार्कावरून जाते, तेव्हा दादरकर टाळ्या वाजवितात, हे योग्यच. परंतु 2023 साली इथिओपियाच्या हायले लेमीने 2 तास 7 मिनिटे 32 सेकंदांत शर्यत जिंकली आणि पहिला भारतीय, टी. गोपी, त्याच्यामागून नऊ मिनिटांनी आला. शिवनाथ सिंगने 1978 मध्ये नोंदविलेला 2 तास 12 मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम तर चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला.

याच देशात बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे निपजला. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धांतील स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाच नेत होता. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने रौप्यपदक मिळवून ती मक्तेदारी मोडली. सुवर्ण हुकले ते अवघ्या 0.05 सेकंदाने! मात्र 2025 मध्ये दुखापतीमुळे तो टोकियोच्या जागतिक स्पर्धेला मुकला, तेव्हा त्याच्या तोडीचा दुसरा भारतीय नव्हता. केनियाचे बळ नेमके येथे आहे: एक थकला की दुसरा उभा असतो.

साबळेला धावपटू म्हणून घडविले ते सैन्यदलाने. शाळेने वा क्रीडाखात्याने नव्हे. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला द्यायचा आणि लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर मैदानांऐवजी मनोरे चढवायचे, हा आपला शिरस्ता. मग पदकांची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? एका साबळेचे सत्कार पुष्कळ झाले; आता शंभर मुलांना धावायला जागा आणि वेळ द्यावा.