मुलं विचारतात : चिंपांझी आईएवढा असतो का?



या खेपेच्या टपालात एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात, "माझ्या सात वर्षांच्या मुलाने मोबाइलवर चिंपांझीचं पिल्लू पाहिलं. झबलं घातलेलं, बाटलीने दूध पिणारं. तेव्हापासून 'आपण एक आणू या' हा एकच धोशा. 'मोठा झाला की तो केवढा होतो, तुझ्याएवढा का?' असंही विचारतो. मला काही सांगता येईना. त्यातून ह्यांच्या ओळखीच्या एकांनी 'पैसे टाकले तर असली पिल्लं मिळतात' असं सांगून आगीत तेल ओतलं. घरात असं जनावर ठेवता येतं का हो?"

पत्र वाचताना आधी हसू आलं. शेवटाकडे आल्यावर मात्र ते मावळलं. तेव्हा आज आपल्या नेहमीच्या पाढे, परवचा आणि 'देव कुठे राहतो' या प्रश्नांना रजा.

पहिली गोष्ट म्हणजे चिंपांझी हे माकड नव्हे. आपल्या कौलांवर उड्या मारतात ती माकडं-वानरं शेपटीची. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन हे सगळे बिनशेपटीचे. शास्त्रात त्यांना कपी म्हणतात. मुलाला एवढंच सांगा, "शेपूट शोध. नाही सापडली तर तो कपी." पोरं खूश होतात.

आता आकार. मोठा चिंपांझी दोन पायांवर उभा राहिला तर साधारण चार फुटांच्या आसपास भरतो, थोराड असेल तर थोडा जास्त. म्हणजे तुमच्या-माझ्या खांद्याला लागेल. ऐकून वाटतं, एवढाच होय! पण जंगलातल्या नराचं वजन ४० ते ६० किलो असतं, मादीचं त्याहून कमी. बंदिस्त जागेत बसून खाणारा नर याच्याही पुढे जातो. हात पायांपेक्षा लांब आणि नराचे सुळे चांगलेच मोठे.

ताकदीबद्दल मात्र पूर्वी फार फुगवून सांगत, माणसाच्या पाचपट वगैरे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्नायू तपासले, तेव्हा तेवढ्याच स्नायूची शक्ती माणसाच्या सुमारे १.३५ पट निघाली. पाचपट नव्हे, पण झटक्यात जोर लावणारे धागे त्यांच्या स्नायूंत आपल्यापेक्षा बरेच जास्त असतात. तेव्हा हिसका बसला तर बसलाच.

गोरिला सगळ्यांत दांडगा. नर १५० ते १८० किलोचा, मादी जवळजवळ त्याच्या निम्मी. म्हणजे नर गोरिला म्हणजे गव्हाची ५० किलोची तीन पोती, वर थोडं! ओरांगउटानचा नर ८०-९० किलोपर्यंत जातो आणि त्याने दोन्ही हात पसरले तर सात फुटांच्या आसपास पोचतात. आपल्या दाराची उंची साधारण तेवढीच असते, ती आडवी धरा. नावाचा अर्थ मलय भाषेत 'रानातला माणूस' असा आहे.

आणि आता गंमत पाहा. एवढ्या थोरल्या गोरिलाचं बाळ जन्मतं तेव्हा जेमतेम दोन किलोचं असतं! चिंपांझीचं तर त्याहूनही कमी. आपली बाळं तीन किलोंची, तरी अडीचचं झालं की सासूबाईंची तोंडं उतरतात. दिवस मात्र आपल्यासारखेच, चिंपांझीला आठ महिन्यांच्या आसपास, गोरिलाला साडेआठ. पुढे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून, मग पाठीवर बसून हिंडतं. चिंपांझी चार-पाच वर्षं अंगावर पितात आणि दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षांचं अंतर असतं. ओरांगउटानमध्ये हे अंतर सात-आठ वर्षांपर्यंत जातं. (आपल्या आज्यांना हे कळलं असतं तर!) चिंपांझीच्या पिल्लाच्या मागे पांढऱ्या केसांचा झुबका असतो. तो असेतोवर कळपातले मोठे त्याचे लाड आणि खोड्या सोसून घेतात.

आईची ओढ किती असते, तर टांझानियातल्या गोंबेची हकीकत ऐका. जेन गुडॉल १९६० साली तिथे गेल्या आणि २०२५ मध्ये वारल्या तोपर्यंत चिंपांझींसाठी झटल्या. त्यांनी पाहिलेल्या फ्लो नावाच्या म्हाताऱ्या मादीचा धाकटा मुलगा फ्लिंट. आठ वर्षांचा घोडा झाला तरी आईच्या मागेच. १९७२ साली फ्लो मेली. फ्लिंटने खाणं टाकलं, कोपऱ्यात बसून राहू लागला आणि महिन्याभराच्या आत तोही गेला.

आता त्या झबल्यातल्या पिल्लाकडे पुन्हा पाहा. त्याची आई कुठे आहे? जंगलात कुठलीही आई आपलं पिल्लू राजीखुशीने काढून देत नाही. ते मिळवायचं तर तिला मारतात, बरेचदा मध्ये पडणाऱ्या इतरांनाही. आणि व्हिडिओत ते दात विचकून 'हसतं' ना, दोन्ही ओळी दाखवून? ते बहुधा हसू नसतं बाई, भीती असते.

शिवाय पिल्लू पिल्लूच राहत नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यात लहानपणापासून घरात वाढवलेला, जाहिरातींतून झळकलेला एक चिंपांझी होता. जेवायला टेबलावर बसायचा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याचं वजन ९० किलोंच्या घरात गेलं होतं. २००९ च्या फेब्रुवारीत त्याने मालकिणीच्या मैत्रिणीवर हल्ला केला. बाईंचा चेहरा आणि हात गेले, चिंपांझीला पोलिसांनी गोळी घातली. तो काही दुष्ट नव्हता. तो मोठा झाला होता, इतकंच.

ह्यांच्या ओळखीच्यांना मात्र स्पष्ट सांगा. चिंपांझीच्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन अशा परदेशी प्राण्यांचाही त्यात समावेश झाला आहे. २०१९ साली कोलकात्यात एका माणसाकडचे तीन चिंपांझी ईडीने जप्त केले होते. त्यांची रवानगी अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. तेव्हा ही भानगड घरात नकोच.

मुलाचा हट्ट नुसत्या 'नाही'ने मोडायचा नाही. त्याला सांगा, आपल्या देशातही एक कपी आहे, हूलॉक गिबन. आसामात जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार नावाचं अभयारण्य आहे, तिथे तो राहतो. वजन अवघं सहा ते नऊ किलो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये जो १४.२ किलो गॅस असतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास. नर काळा, भुवया पांढऱ्या, मादी तांबूस-पिवळी. हात पायांपेक्षा लांब, सकाळी जोडीने मोठ्याने गातात आणि जमिनीवर सहसा उतरतच नाहीत. त्या जंगलातून आगगाडीचा रूळ गेला आहे. त्यामुळे झाडांची साखळी तुटली आणि या बिचाऱ्यांना पलीकडे जाता येईना.

आता शिवणाची टेप काढा आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने चार फुटांवर खूण करा, बाजूला 'चिंपांझी' लिहा. मुलाला तिथे उभा करा, त्याचीही खूण करा. सात वर्षांचं पोर बहुधा थोडंसंच कमी भरेल. मग दोघांचं वजन शेजारी लिहा.