मुलाच्या हाती कोंबडी कोणती द्यावी?

प्रदर्शनाकरिता मुलास कोंबडी घेऊन देताना पुष्कळ पालक प्रथम विचारतात की, बक्षीस कोणत्या जातीस मिळते? आमच्या मते पहिला प्रश्न निराळा असावा. हे मूल तो पक्षी स्वतःच्या हाताने उचलू, धुऊ व रोज सांभाळू शकेल काय? ह्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर तो पक्षी कितीही जातिवंत असो, तो मुलाचा नव्हे, बापाचा समजावा.

ही प्रदर्शने मूळची इंग्लंड-अमेरिकेतील. इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजींस इ. स. १८३५ च्या कायद्याने बंदी झाली व पुढे लोकांची हौस पक्ष्यांच्या रूपाकडे वळली. अमेरिकेत बॉस्टन शहरी १८४९ साली मोठे प्रदर्शन भरले. १८७३ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तिने प्रत्येक जातीची लक्षणे सांगणारा ग्रंथ काढला. त्याच्याच सुधारलेल्या आवृत्तीवरून तेथील पंच आजही पक्षी पारखतात. वाकडी चोच, एका अंगास कललेली शेपटी, एकेरी तुऱ्यास बाजूने फुटलेला फाटा, असे दोष आढळल्यास पक्षी बाद होतो. मिश्र जातीची कोंबडी अंडी भरपूर देवो, जातिवंतांच्या वर्गात तिला जागा नाही.

परंतु तिकडील ‘फोर-एच’ ह्या मुलांच्या चळवळीत पक्ष्याबरोबर मुलाचीही परीक्षा होते. पक्षी पिंजऱ्यातून कसा काढला, छातीखाली हात देऊन कसा धरला, पंख उलगडून दाखविता आला काय, विचारलेली माहिती सांगता आली काय, हे पाहतात. ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते. कारण पैशाने उत्तम पक्षी विकत मिळतो, उत्तरे मिळत नाहीत.

आता जातींविषयी. ब्रह्मा ह्या जातीस नाव ब्रह्मपुत्रेवरून मिळाले, पण ती घडली अमेरिकेत. ती शांत खरी. तथापि तिचा कोंबडा १२ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंचा असतो. आठ वर्षांच्या मुलाने तो धरावा कसा? लेगहॉर्न हलकी व अंड्यांस उत्तम, पण बुजरी. पोलिश दिसावयास मोठी ऐटबाज. मात्र डोक्यावरील झुबक्यामुळे तिला नीट दिसत नाही व ती दचकते. आपला असील माणसाशी मायाळू असला तरी आपसांत लहानपणापासूनच झुंजतो. नर वेगळे ठेवावे लागतात. सिल्कीची पिसे केसांसारखी मऊ, कातडी आपल्या कडकनाथासारखी काळी, पायास बोटे पाच आणि स्वभाव गरीब. परंतु ती वारंवार खुडूक होते, व तिच्या पिसांवरून पाणी निथळून जात नसल्यामुळे कोकणच्या पावसात तिला कोरडे खुराडेच हवे.

नवशिक्या मुलास आम्ही बँटम, म्हणजे लहान चणीची, शांत व एकरंगी जात सुचवू. उदाहरणार्थ, काळी कोचीन बँटम. पांढऱ्या पिसांवर डाग लवकर दिसतो आणि नक्षीदार पिसांची ठेवण पिढ्यान्‌पिढ्या राखणे कसबी माणसाचे काम आहे. कोचीनच्या पायांवरही पिसे असतात. ती चिखलाने मळू नयेत म्हणून खाली कोरडा भुसा असावा. कोंबडी एकटी ठेवू नये, निदान दोन-तीन असाव्यात. आणि त्या जात राखणाऱ्या जाणकाराकडूनच घ्याव्यात.

कोणी म्हणेल, मुलाची आवड हीच खरी, वडिलांनी मध्ये पडू नये. ह्यात अर्धे तथ्य आहे. मन न लागलेल्या पक्ष्याला महिन्याभराने दाणा घालणारी आईच उरते. म्हणून घर, पाऊस, पैसा व मुलाचे वय पाहून वडिलांनी दोन-तीन जाती निवडाव्यात आणि त्यांतील एक मुलाने पसंत करावी.

पुढचे काम मात्र मुलाचेच. प्रदर्शनापूर्वी दोन-तीन दिवस सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात पक्षी धुवावा, मग स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून वारा न लागेल अशा जागी पूर्ण वाळवावा. उवा व पिसवा पाहाव्यात. दाणा, अंडी, आजार, खर्च ह्यांची रोज नोंद ठेवावी. महसूल खात्यातील आमच्या नोकरीत आम्ही एवढे शिकलो की, जागच्या जागी न लिहिलेली गोष्ट पुढे कोणी खरी मानीत नाही.

रोगाचा विचारही हवा. इ. स. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरास बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. प्रदर्शनाहून परतलेला पक्षी निदान दोन आठवडे वेगळा ठेवावा, व साथीची बातमी असेल तर प्रदर्शनास नेऊच नये; मूल रडले तरी.

आपल्याकडील कृषिप्रदर्शने भरविणाऱ्या मंडळींस आमची विनंती अशी की, जेथे पक्षी मांडले जातात तेथे मुलांकरिता पक्षी हाताळण्याची परीक्षा ठेवावी आणि तिचे बक्षीस पक्ष्याच्या बक्षिसाहून कमी ठेवू नये. तसे झाल्यास आरंभी सांगितलेला प्रश्न पालक आपोआपच विचारू लागतील.