न पाळण्याचे वचन

मुलांनो, खेळताना सोबत्याचा पाय मुरगळला, तर तुम्ही सारे त्याच्याकडे धावता. धावून जा, असे तुम्हांला कोणी सांगावे लागत नाही. पण त्याच सोबत्याचे मन आजारी पडले, तर? मनाची जखम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आपण त्याला आळशी किंवा घमेंडी म्हणून मोकळे होतो. ही चूक मी स्वतः केली आहे.

मी मुख्याध्यापक असताना आठवीत एक हुशार मुलगा होता. दिवाळीच्या सुटीनंतर तो अगदी पालटला. तो कबड्डीच्या मैदानाकडे फिरकेना, डबा न खाताच परत नेई, आणि कोणी विचारले तर चिडे. एके दिवशी मी त्याला भर वर्गात ‘आळशी’ म्हटले. तो काही बोलला नाही; खाली मान घालून उभा राहिला.

चार दिवसांनी त्याच्या बाकावरचा सोबती माझ्याकडे आला. त्याचे डोळे भरले होते. “सर, कोणाला सांगणार नाही, अशी मी शपथ घेतली आहे. पण तो म्हणतो, मी नसलो तरी कोणाचे काही अडणार नाही.” मी त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. आईवडिलांनी त्याला डॉक्टरांकडे नेले. त्याला नैराश्य हा आजार जडला होता. काही महिन्यांच्या उपचारांनी तो सावरला. मी त्याची क्षमा मागितली.

प्रत्येक उदासी म्हणजे आजार नव्हे. गुण कमी पडले, मित्राशी भांडण झाले, तर मन खिन्न होते आणि दोन-चार दिवसांत पुन्हा उमलते. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ खिन्नता हटत नसेल, आवडत्या गोष्टींत मन रमत नसेल, झोप व भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर सावध व्हावे. तुमच्या वयात हे दुःख पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीचे रूप घेते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तापासारखाच हाही आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो.

अशा मित्राला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याचे ऐका. मग आईवडील, शिक्षक अशा विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. आणि ही व्यथा तुमची स्वतःची असेल, तरीही असेच करा.

तुम्ही विचाराल, “पण दिलेले वचन मोडणे हा विश्वासघात नव्हे काय?” तापाने फणफणलेला मित्र ‘घरी सांगू नकोस’ म्हणाला, तर तुम्ही गप्प बसाल काय? वचन पाळणे हा सद्गुण खराच. पण ज्या वचनाने मित्राचा जीव धोक्यात येतो, ते मोडणे हाच मैत्रीचा धर्म होय. त्या दिवशी शपथ मोडणारा तो मुलगा माझ्या मते वर्गातील सर्वांत सच्चा मित्र होता.